बाटलीवर गावाचं नाव

फ्रान्समधल्या चांगल्या रेड वाईनच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली तर द्राक्षाच्या वाणाचं नाव बहुधा सापडत नाही. तिथे गावाचं किंवा परिसराचं नाव असतं: पोमेरोल, मॉरगों, शातोनफ-द्यु-पाप. द्राक्ष कोणतं, ते गावावरून ओळखायचं. ही रीत आपल्याला परकी नाही. पैठणी, कोल्हापुरी चप्पल, सोलापुरी चादर ही नावं आपण अशीच घेतो. गाव सांगितलं की वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते. २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि या पंक्तीत आपल्या जिल्ह्याचंही पान मांडलं गेलं. आता प्रश्न एवढाच की त्या पानावर वाढलं काय जाणार. मानांकन मिळालं म्हणजे भाव मिळेल, अशी आशा धरणं स्वाभाविक आहे. पण फ्रान्सच्या रेड वाईनचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वेगळं सांगतो. गावाच्या नावाला किंमत नुसत्या मातीने येत नाही आणि सरकारी कागदानेही येत नाही. त्या गावच्या उत्पादकांनी आपण होऊन स्वतःवर जी बंधनं घालून घेतली आणि पाळली, त्यांनी ती येते. हिंगोलीच्या हळद उत्पादकाने फ्रान्सकडून काही घ्यायचं असेल, तर ते हे आहे.

त्यासाठी आधी रेड वाईन कशी होते ते पाहायला हवं. काळ्या द्राक्षाचा रस बहुतेक वाणांत जवळजवळ पांढराच असतो; रंग सालीत असतो. म्हणून रेड वाईन करताना द्राक्षं चिरडून साल रसातच ठेवतात. किण्व रसातली साखर खाऊन तिचं अल्कोहोल करतं, वायू सुटतो आणि तो वायू साली वर ढकलतो. टाकीच्या तोंडाशी सालींचा जाड थर जमतो. हा थर दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो, नाहीतर खालचा रस काढून वर ओतावा लागतो. हयगय झाली तर रंग उतरत नाही आणि वर कोरडा पडलेला थर आंबून सगळ्या टाकीला शिरक्याची वाट दाखवतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते, तो तुरटपणाही सालीतून आणि बियांतूनच येतो. तो किती येऊ द्यायचा, हे साल रसात किती दिवस ठेवली यावर ठरतं. पुढे आणखी एक फेरफार होतो. कच्च्या सफरचंदात असतं तसलं बोचरं आम्ल बदलून दह्यात असतं तसलं मऊ आम्ल तयार होतं. हे आपोआप घडतं म्हणून सोडून न देता लक्ष ठेवून घडवायचं असतं, हे बोर्दोच्या एमिल पेनो या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात तिथल्या शेतकऱ्यांच्या गळी उतरवलं. त्यानंतर ओक लाकडाच्या पिंपात, बोर्दोत २२५ लिटरच्या आणि बरगंडीत २२८ लिटरच्या, वर्ष-दीड वर्ष मुरवण. फ्रेंच भाषेत हे सगळं करणाऱ्या माणसाला एकच शब्द आहे, ‘व्हिनरों’. जो वेल वाढवतो आणि वाईनही करतो, तो व्हिनरों.

हिंगोलीतला हळद उत्पादक हा याच जातीचा माणूस आहे. कापूस वेचला, सोयाबीन मळलं की ते विकायला निघतं. हळदीचं तसं नाही. आठ-नऊ महिने जमिनीत राहिलेलं पीक काढायचं, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची, शिजवायची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची, आणि मग कट्टे भरायचे. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून वीस-पंचवीस किलोच हळद उरते. शिजवताना फेस येऊन हळदीचा तो ओळखीचा वास सुटला आणि हळकुंडात काडी सहज गेली की आच काढायची. कमी शिजली तर रंग एकसारखा बसत नाही, जास्त शिजली तर रंगच बिघडतो. म्हणजे मालाची प्रत शेतात अर्धी ठरते आणि उरलेली अर्धी शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाताखाली, कुकरपाशी आणि खळ्यावर ठरते. व्हिनरोंचं नेमकं हेच आहे. म्हणून फ्रान्सची गोष्ट हळदीला लागू पडते.

यावर पहिला आक्षेप येतो तो मातीच्या बाजूने. फ्रेंच वाईनची ख्याती तिथल्या जमिनीत आहे, असं जगभर मानलं जातं आणि फ्रेंच लोकही ते अभिमानाने सांगतात. बरगंडीतल्या १,२४७ वाड्यांची, म्हणजे नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या द्राक्षशेतांची, २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली. त्यातलं रोमाने-काँती हे शेत दोन हेक्टरसुद्धा भरत नाही, पण तिथली बाटली जगातल्या सर्वांत महागड्या बाटल्यांत गणली जाते. जमिनीला मोल नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मात्र त्याच बरगंडीत क्लो द वूजो नावाची एक वाडी आहे. बाराव्या शतकापासून ख्रिस्ती साधूंनी ती वाढवली, भोवती दगडी भिंत घातली. फ्रेंच राज्यक्रांतीत ती मठाकडून गेली आणि पुढे वाटण्या होत होत आज त्या सुमारे पन्नास हेक्टरांत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. एक भिंत, एक वाण, एकच नाव. उताराच्या वरच्या अंगाला निचरा चांगला आणि खाली रस्त्याकडे माती जड, हा फरक खराच आहे. तरीही जवळजवळच्या ओळींतून निघालेल्या दोन मालकांच्या वाईनमध्ये डोळ्यांत भरणारा फरक पडतो, आणि भाव त्याप्रमाणे लागतो. जाणकार म्हणूनच तिथे वाडीच्या नावाआधी मालकाचं नाव पाहतो. पोमेरोलमधल्या पेत्र्युसचंही असंच आहे. तिथली निळसर चिकणमाती हजारो वर्षं जागेवर होती, पण १८५५ मध्ये बोर्दोतल्या उत्तम वाईनची प्रतवारी झाली तेव्हा पेत्र्युसचं नाव तिच्यात नव्हतं. ते जगापुढे आलं विसाव्या शतकात, माडाम लुबा या बाईंच्या कारभारात. १९५६ च्या फेब्रुवारीत थंडीने वेली जळाल्या, तेव्हा त्यांनी बाग उपटून नवी लावली नाही. जुन्या वेली खाली छाटून त्याच मुळांवर पुन्हा फुटवून घेतल्या. काही हंगाम हातचे गेले, पण जुन्या मुळांची वाईन टिकली. माती पूर्वीही तीच होती. बदलली ती माणसं.

दुसरी समजूत अशी की कायदा आला की नाव सुरक्षित होतं. फ्रान्सने याची फार मोठी किंमत मोजून पाहिली आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने तिथल्या वेलींची मुळं खायला सुरुवात केली. मॉंपेलिएच्या प्लाँशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८६८ मध्ये ती कीड मुळांवर शोधून काढली. उपाय सापडला तोही अमेरिकेतच: तिकडच्या रानवेलीचा खुंट आणि त्यावर फ्रेंच डोळ्याचं कलम. नाशिक-सांगलीचा बागाईतदार डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो ते क्षारांच्या आणि पाण्याच्या ताणासाठी, पण युक्ती तीच. या संकटाच्या काळात वाईन कमी पडली आणि बाजारात खोटी वाईन शिरली. मनुका भिजवून, चोथ्यावर साखरपाणी ओतून ती बनवली जाई. बागा सावरल्या, माल वाढला, तरी खोटी वाईन हटली नाही, आणि दक्षिणेकडच्या लांगदोक प्रांतात भाव कोसळले. ११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए या खेड्यातला मार्सलाँ आल्बेर हा कॅफेवाला शेतकरी ८७ जणांना घेऊन नार्बोनला निघाला. तीन महिन्यांत, ९ जूनला, मॉंपेलिएत सुमारे पाच लाख माणसं जमली. नार्बोनमध्ये सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली. सतराव्या पायदळ पलटणीने तर बंड केलं. २९ जूनला सरकारने भेसळीविरुद्ध कायदा केला आणि प्रत्येक उत्पादकाला आपल्या पिकाची नोंद द्यायला लावली.

शेतकऱ्यांचा हा विजय होता, यात शंका नाही. पण पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. भेसळ हे संकटाचं एक कारण होतं. दुसरं कारण त्यांच्या बागांतच होतं. नदीकाठच्या कसदार जमिनीत भरघोस उताऱ्याचे वाण लावून पातळ वाईनचा महापूर लांगदोकनेच आणला होता. कायद्याने पहिलं कारण रोखलं, दुसऱ्याला हात लावला नाही. पुढची कित्येक दशकं हा प्रांत स्वस्त, बिननावाच्या वाईनचा प्रांत म्हणूनच राहिला. १९१९ च्या कायद्याने गावांच्या हद्दी कोर्टाकडून ठरवून घेण्याची सोय झाली, तेव्हाही तोच घोटाळा झाला. हद्दीच्या आत असलेला कोणीही, कोणत्याही रानात, कोणताही वाण लावून गावाचं नाव वापरू लागला. नाव खरं आणि माल हलका, अशी स्थिती आली. बोर्दोकडचे लोकप्रतिनिधी जोझेफ काप्यूस यांनी हे ओळखून १९२७ मध्ये वाण आणि जमीन यांची अट कायद्यात आणली. कागदावर आखलेली हद्द चोराला बाहेर ठेवते. घरातल्या आळशाला ती काही करत नाही.

याच काळात, त्याच दक्षिणेत, ऱ्होन नदीकाठच्या शातोनफ-द्यु-पाप या गावाने वेगळा रस्ता धरला. चौदाव्या शतकात पोप आव्हिन्योंला राहत असताना त्यांचा उन्हाळी वाडा या गावात होता. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या मोठेपणाचा उपयोग उरला नव्हता. तिथली गडद, कडक वाईन पिंपं भरभरून बरगंडीला जाई आणि तिकडच्या फिकट वाईनला जोर आणण्यासाठी तिच्यात मिसळली जाई. माल एकाचा, नाव दुसऱ्याचं. मराठवाड्यातली पुष्कळ हळद सांगलीच्या पेठेत जाते आणि तिथून पुढे गेल्यावर ती कोणत्या शिवारातली हे कोणाला सांगता येत नाही. शातोनफची स्थिती तशीच होती. १९२३ मध्ये गावातले उत्पादक बॅरन पिएर ल रुआ यांच्याकडे गेले. ते शिकलेले वकील, पहिल्या महायुद्धातले वैमानिक आणि गावातल्या एका द्राक्षमळ्याच्या मालकाचे जावई. संघटना उभी राहिली आणि तिने नियम लिहिले. लॅव्हेंडर आणि थाईम ही माळरानावरची झुडपं उगवतात अशी हलकी, गोट्यांची जमीनच धरायची. कसदार रान वगळायचं. ठरलेलेच वाण लावायचे, ज्यांची संख्या पुढे तेरा झाली. वाईनमध्ये किमान साडेबारा टक्के अल्कोहोल भरलं पाहिजे, म्हणजे द्राक्ष वेलीवर पुरतं पिकलं पाहिजे. आणि काढणीच्या वेळी निदान पाच टक्के घड बाजूला टाकलेच पाहिजेत, हंगाम कितीही चांगला असो. आजही तिथे हेक्टरी ३५ हेक्टोलिटर, म्हणजे एकरी साधारण १,४०० लिटर, याहून जास्त वाईन गावाच्या नावाने काढता येत नाही. द्राक्षाच्या हिशेबात हा एकरी दोन टनांच्या आसपासचा उतारा झाला. काळी कसदार जमीन वगळून मुरमाड राखणारा आणि हातचं पीक सोडणारा हा नियम कोणत्याही साहेबाने वरून लादलेला नव्हता. तो पिकवणाऱ्यांनीच लिहिला होता. १९३५ मध्ये काप्यूस आणि ल रुआ यांच्या प्रयत्नांनी सगळ्या फ्रान्ससाठी नियंत्रित मूळनामांचा कायदा झाला, तो या गावाचा धडा समोर ठेवून. १५ मे १९३६ रोजी मान्यता मिळालेल्या पहिल्या मोजक्या नावांत शातोनफ होतं. तोवर लांगदोक आणि शातोनफ यांच्यातलं अंतर वाढत गेलं होतं, आणि ते मातीने वाढवलेलं नव्हतं.

महाराष्ट्राने फ्रेंच द्राक्षं आणली, तंत्र आणलं, पण हा भाग मागे राहिला. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने कारखाना उभारला. राजीव सामंत यांच्या सुलाने नाशिकला वाईनचं गाव बनवलं. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणून सवलती दिल्या. काबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ, म्हणजे फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली सिरा, ही द्राक्षं इथे एप्रिलच्या खरड छाटणीला आणि पावसाळ्यानंतरच्या फळछाटणीला रुळली. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि सुलाच्या एका शिराझवर दिंडोरी हे तालुक्याचं नाव छापलं जातं, ही मोठी गोष्ट आहे. तरी ग्राहक इथे बाटली ओळखतो ती कंपनीच्या नावाने. करारावर द्राक्ष पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं गाव त्या नावात क्वचितच येतं. २००८ नंतर मागणी घटली तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा मोडल्या. कंपनीपाशी ब्रँड होता, शेतकऱ्यापाशी फक्त माल होता. हिंगोलीत वाईनची द्राक्षं लावा, असं हा लेख सुचवत नाही. उलट वसमतच्या हळदीपाशी आज जे आहे, म्हणजे गावाच्या नावावरचा उत्पादकांचा हक्क, तो वाईनच्या द्राक्षवाल्याला आपल्याकडे नीट मिळालेला नाही, हे इथे ध्यानात घ्यायचं आहे.

काही वाचक विचारतील की ज्या महाराष्ट्रात बायाबापड्यांनी मतदान करून गावोगावी बाटली आडवी केली, तिथे वाईनचे गोडवे कशाला. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सरळ दिलं पाहिजे. वाईन ही दारूच आहे. रोज थोडी रेड वाईन हृदयाला चांगली, या समजुतीवर विसंबण्यात अर्थ नाही. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. खुद्द फ्रान्सने १९९१ च्या कायद्याने दारूच्या जाहिरातींना वेसण घातली, आणि १९६० च्या दशकात वर्षाला माणशी शंभर लिटरच्या वर असलेलं तिथलं वाईन पिणं आज निम्म्याहून खाली आलं आहे. शिकायचं ते पिणं नाही. नाव कसं राखावं, हे शिकायचं. आणि ते हळदीसारख्या औषधी, रोजच्या, देवाघरच्या वस्तूला वाईनपेक्षा जास्त शोभतं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. नियम गरीब शेतकऱ्याला परवडत नाहीत, तो उतारा घटवून कसा जगेल? फ्रान्समध्येही नियमांना कंटाळून बाहेर पडलेले लोक आहेत. लांगदोकमध्ये एमे गिबेर यांनी १९७० च्या दशकात नियंत्रित नावाच्या बाहेर राहून मास द दोमा गासाक ही वाईन काढली आणि नावारूपाला आणली. शिवाय नाव म्हणजे विमा नव्हे, हे बोर्दोकडे पाहून कळतं. जगातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध वाईनचं नाव पाठीशी असूनही तिथली साधी वाईन खपेना, म्हणून २०२३ मध्ये वेली उपटणाऱ्यांना हेक्टरी ६,००० युरो देण्याची योजना आखावी लागली. ही दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण ती काय सांगतात ते पाहू. गिबेर यांच्यापाशी स्वतःचं नाव उभं करण्याइतकं बळ होतं. दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्यापाशी ते नसतं, त्याला आधार गावाच्या सामाईक नावाचाच. आणि बोर्दोत अडचण सर्वांत जास्त आली ती जिथे नाव सगळ्यात सैल होतं, लाख एकरांवर पसरलेलं होतं, तिथे. यातून धडा असा की नियम सोसवतील तेवढेच असावेत, पण जे असतील ते दिसले पाहिजेत आणि त्यांचा मोबदला लिलावातच हाती पडला पाहिजे. हिंगोलीच्या शेतकऱ्याला उतारा कमी करा असं पहिल्याच दिवशी सांगणं अन्यायाचं होईल. सुरुवात मिसळ न करण्यापासून व्हावी.

म्हणजे प्रत्यक्षात काय? इथल्या शिवारांत मोठ्या प्रमाणावर लावला जातो तो सेलम वाण, ज्याचं नावच तामिळनाडूतल्या गावाचं आहे. म्हणून वसमतचं वेगळेपण नुसत्या वाणावर सिद्ध होणार नाही. ते या काळ्या रानात वाढलेल्या हळदीला इथला शेतकरी कसं शिजवतो, किती वाळवतो, गड्डे आणि हळकुंडं किती काटेकोर वेगळी करतो, यावर सिद्ध होईल. बेणं कुठलं, शिजवायचं किती, ओलावा किती टक्क्यांच्या आत, दुसऱ्या भागातून आणलेला कट्टा या नावाखाली न घालण्याची हमी कोण देणार आणि तपासणार कोण, एवढ्या पाच प्रश्नांची लेखी उत्तरं उत्पादकांनी दिली, तर नावाला हाडं-मांस येईल. तपासायला वसमतचं हळद संशोधन केंद्र आहे, विकायला हिंगोलीचं संत नामदेव हळद मार्केट यार्ड आहे, गावोगावी शेतकऱ्यांच्या कंपन्या आहेत. कायद्याने मानांकनाचं नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, आणि मानांकनाची मुदत दहा वर्षांची असून ते पुढे नूतनीकरण करून ठेवायचं असतं. ही नोंद फक्त व्यापाऱ्यांनी केली आणि शेतकरी बाहेर राहिला, तर नावाचा धनी बदलेल.

म्हणून हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढ्याच्या हळद उत्पादकांना एकच विनंती आहे. येत्या हंगामात हळद शिजायला लागण्याआधी एकत्र बसा, नोंदणी करा आणि आपले नियम आपण लिहा. मानांकनाच्या चौकटीत त्यांना जागा आहे. सरकार करेल, व्यापारी करेल, म्हणून थांबू नका. फ्रान्सचा कायदा १९३५ चा आहे, शातोनफच्या शेतकऱ्यांची संघटना १९२३ ची.